दुपारी बंद राहणाऱ्या गावाची बाजू

दिवाळीची सुट्टी संपली की मालवणावर एक आरोपपत्र दाखल होतं. नाताळची गर्दी ओसरली की त्याला पुरवणी जोडली जाते आणि मे महिन्यात तेच पुन्हा नव्या सह्यांनी येतं. पुण्या-मुंबईहून येऊन तीन रात्री राहून गेलेली मंडळी ते लिहितात. कलमं ठरलेली आहेत. पहिलं, इथली माणसं आळशी, भर दुपारी बाजार बंद करून झोपतात. दुसरं, समुद्र दारात असून मासे महाग. तिसरं, पावसाळ्यात सगळं बंद, म्हणजे यांना धंदा करायचाच नाही. चौथं, शेजारच्या गोव्याने काय केलं ते बघा आणि यांनी काय केलं ते बघा. पाचवं कलम या चारांच्या नेमकं उलट आहे: पूर्वीचं निवांत मालवण आता राहिलं नाही, गर्दीने वाट लावली. चौथं आणि पाचवं कलम पुष्कळदा एकाच माणसाचं असतं, आणि दोन्हींत काही विसंगती आहे असं त्याला वाटत नाही.

मी याच गावात राहतो. तटस्थ असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. पण एकतर्फी निकाल लागायच्या आत दुसरी बाजू नोंदवली जावी, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

या पाचही कलमांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. मालवण पर्यटकाच्या सोयीसाठी आहे आणि त्या सोयीत जे बसत नाही तो गावाचा दोष. माझं भांडण त्या गृहीताशी आहे. मालवण हे मासे मारणाऱ्यांचं, बाजारपेठेचं, देवळांचं, शाळा-कोर्ट-कचेऱ्यांचं तालुक्याचं गाव आहे. पर्यटन हा त्याचा एक धंदा आहे, चांगला धंदा आहे, पण गाव त्यासाठी वसलेलं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं, तेसुद्धा दर्यावर हुकमत ठेवायला. आजही या गावाचं वेळापत्रक समुद्र लावतो. तुम्ही जे बघायला येता ते शिल्लक राहिलं आहे, कारण गावाने ते वेळापत्रक मोडलेलं नाही.

आधी दुपारचं बघू. एक ते चार बाजारपेठेत शुकशुकाट असतो, हे खरं. पण तक्रार करणारा गृहस्थ सकाळी किती वाजता उठला होता, हे कुणी विचारत नाही. तो नऊला उठतो, नाश्ता करून किल्ला बघून येतो आणि दीड वाजता त्याला खाजं, काजू आणि कोकम सरबताच्या बाटल्या हव्या असतात. तोवर गावाचा निम्म्याहून जास्त दिवस सरलेला असतो.

पहाटे तीन-चार वाजता दांडीच्या किनाऱ्यावर जाऊन उभे राहा. अंधारात बॅटऱ्या हलत असतात, होड्या पाण्यात ढकलल्या जात असतात. रात्री जाळी मारायला गेलेले उजाडता उजाडता परत येतात. कुठली होडी कधी निघणार, हे घड्याळ बघून ठरत नाही. भरती रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, वारा फिरला की सगळा बेत बदलायचा. आज पहाटे तीनला उठणारा माणूस आठवड्याभराने भलत्याच वेळी उठत असतो. त्याच्या झोपेला तुमच्या ऑफिसची वेळ लावून त्याला आळशी ठरवणं फार सोपं आहे.

चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण लागते, ती एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. होडी जाळं घेऊन आत जाते, अर्धगोल घालून पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांच्या दोरांना माणसं लागतात, मोठी रापण असेल तर पन्नास-साठ. टाचा वाळूत रोवायच्या, कंबरेतून मागे रेलायचं, चार पावलं मागे जायचं, शेवटच्या माणसाने दोर सोडून पुढे जाऊन पुन्हा धरायचा. हे तासन् तास चालतं. बघणाऱ्यांतले काही हौसेने दोराला हात लावतात आणि फोटो निघाला की सोडतात. त्याला कुणी हरकत घेत नाही. जाळ्याचा घेर आवळत येतो तसं पाणी खदखदायला लागतं, वर घारी-कावळे जमतात. आत कधी तारली आणि पेडव्यांचा ढीग असतो, कधी बांगडा, कधी नुसती जेलीफिश आणि प्लॅस्टिक. मग वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसाचा वाटा. रापण ही एका धन्याची कंपनी नाही, ती संघाची असते. सकाळी दहाच्या आत अंग पिळून निघालेला माणूस जेवून दुपारी पडवीत आडवा होतो, आणि त्याच वेळी तुमची गाडी त्याच्या दारावरून जाते. तुमच्या मनात ठसतो तो त्याचा तो एक तास.

त्याच्या घरातल्या बाईचा दिवस तर तुम्हाला दिसतच नाही. न्याहारी-निवासाची पाटी लावलेल्या कुठल्याही घरात डोकावा. पाहुणे उठायच्या आत नारळ खवून झालेले असतात, वाटप वाटलेलं असतं, घावण्यांचं पीठ तयार असतं, सोलं भिजत पडलेली असतात. बाजारातून मासळी आली की ती साफ करायची. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं पडतात, मोरीचं मटण वेगळ्या मसाल्याचं. आठ पाहुण्यांतल्या दोघांना मासे चालत नाहीत, त्यांच्यासाठी काजूची उसळ. सोलकढी सकाळी काढलेली रात्रीला चालत नाही, ती पुन्हा काढायची. शेवटचं ताट उचलेपर्यंत तीन वाजतात आणि साडेचारला चहा मागितला जातो. मधल्या वेळात ती पाठ टेकते. तुम्ही त्याच वेळी बेल वाजवता आणि दार उघडायला दोन मिनिटं लागली की ‘सर्व्हिस स्लो’ असा शेरा मारून मोकळे होता.

दुकानदाराचंही तेच. आठ-साडेआठला उघडलेलं दुकान एकला मिटतं, चारला पुन्हा उघडून रात्रीपर्यंत चालतं. दमट उकाड्यात, घामाने अंग चिकट झालेलं असताना, ज्या तीन तासांत गावातलं गिऱ्हाईक फिरकतच नाही त्या तीन तासांत दिवे-पंखे लावून बसण्यात कसली कार्यक्षमता आहे? जे घाम गाळून शिकलेलं असतं ते शहाणपण असतं. त्याला आळस म्हणणारा माणूस बहुधा वातानुकूलित गाडीत बसून तो शब्द उच्चारत असतो.

आता माशांचा भाव. हे कलम सगळ्यांत लोकप्रिय आहे, कारण ते पोटातून येतं. समुद्र समोर दिसतो, मग सुरमईच्या थाळीला इतके पैसे का? उत्तर हवं असेल तर मासळी उतरते तेव्हा बंदरावर जाऊन लिलाव बघा. होडीतून आलेला मासा वाळूवर ओतला जातो. आकाराप्रमाणे वेगळा होतो. मोठी सुरमई एका बाजूला, तिच्यापाशी गर्दी. बोली इतकी भरभर चढते की नवख्याला आकडा ऐकूही येत नाही. त्या गर्दीत कोण आहे? गोव्याला माल नेणारे आहेत, मुंबईला आणि त्याहून दूर पाठवणारे व्यापारी आहेत, त्यांचे बर्फ भरलेले टेम्पो मागे उभे आहेत. तारकर्ली-देवबागच्या हॉटेलांची माणसं आहेत. आणि डोक्यावर पाटी घेऊन घरोघर मासे विकणारी बाई आहे. बोली तिच्या आवाक्याबाहेर गेली की ती मुकाट्याने बाजूच्या बांगड्यांकडे वळते. समुद्र समोर आहे म्हणून तिला कुणी एक रुपया कमी करत नाही. तुम्हालाही करणार नाही.

शिवाय त्या माशाच्या मागे डिझेल आहे, बर्फ आहे, जाळ्याची दुरुस्ती आहे, खलाशांचा वाटा आहे, रिकाम्या हाताने परत आलेल्या फेऱ्या आहेत. डिझेलचा परतावा वेळेवर मिळत नाही, ही मच्छीमार सोसायट्यांची नेहमीची ओरड आहे. त्यात मासा कमी झाला आहे, तो का झाला हेही उघड गुपित आहे. पर्ससीन जाळी थवेच्या थवे एका झटक्यात उचलतात. प्रखर दिव्यांच्या झोतात मासा गोळा करून मारण्याचा प्रकार त्याच्याही पुढचा. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला. केंद्राने २०१७ साली एलईडी मासेमारीवर बंदी घातली. राज्याच्या १९८१च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ साली दंड वाढवणारी दुरुस्ती झाली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर उजेडाचे ठिपके दिसतात, असं मच्छीमार वर्षानुवर्षं सांगत आहेत, त्यासाठी मोर्चे काढत आहेत. थाळी महाग झाली म्हणून चिडणाऱ्याने कधी या मोर्च्याची बातमी पूर्ण वाचली आहे का?

आणखी एक. पर्यटकाला चार नावं माहीत असतात: सुरमई, पापलेट, कोळंबी, खेकडा. सगळ्यांना तेच हवं, रोज हवं. मग भाव चढणार नाही तर काय होईल? आमच्या घरांत रोज शिजतात ते बांगडे, तारल्या, पेडवे, सौंदाळे, खाडीतल्या तिसऱ्या. चव त्यांतच आहे आणि खिशालाही ते परवडतात. ‘आज काय गावला?’ असा प्रश्न विचारून त्या दिवशी जे आलं ते खाणाऱ्या पाहुण्याची महागाईबद्दल तक्रार मी ऐकलेली नाही. छापील मेन्यूकार्ड घेऊन समुद्राला ऑर्डर देणाऱ्याची तक्रार मात्र दर आठवड्याला ऐकतो.

तिसरं कलम पावसाळ्याचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. मे अखेर होड्या ओढून वर घेतल्या जातात आणि झापांनी शाकारल्या जातात. किल्ल्यावरची होडी वाहतूक आणि समुद्रातले जलक्रीडा प्रकार मेच्या शेवटच्या आठवड्यात थांबतात, ते सप्टेंबर उजाडेपर्यंत. ‘हंगाम वाढवा, पावसाळी पर्यटन करा, जगात कुठे असं असतं?’ असा सल्ला यावर मिळतो.

पाऊस बघायला या, स्वागत आहे. धामापूरचा तलाव, ओली भातशेती, कुळथाची पिठी आणि सुका बांगडा, यांच्यासाठी पावसाळाच खरा. पण समुद्राच्या बाबतीत वाद नको. माशांचा विणीचा काळ असतो म्हणून बंदी असते. ती मोडली तर ऑक्टोबरात तुमच्या ताटात काय पडणार? आणि जीवाचं काय? २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. हंगाम संपायला तेव्हा जेमतेम दोन दिवस उरले होते. हंगाम आणखी पंधरा दिवस ताणावा म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. इथला म्हातारा मच्छीमार समुद्राचा रंग बघून होडी बाहेर काढायला नकार देतो, तेव्हा तो कामचुकारपणा करत नसतो. तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा घरांची छपरं उडाली, माड-आंबे मोडून पडले, वीज कितीतरी दिवस आली नाही. अशा समुद्राशी वर्षभर जुंपून राहणं कुणालाच जमत नाही. वर्षातून काही महिने त्याच्यापासून लांब राहायचं आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा सुरुवात करायची, ही शिस्त सरकारी आदेशाच्याही आधीची आहे.

बंद ठेवण्याबद्दल ज्यांना एवढा राग आहे त्यांनी याच तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण ऐकून घ्यावी. काही वर्षांच्या अंतराने, देव रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव घरदार बंद करून, गुरं-कोंबड्यांसह वेशीबाहेर जाऊन झोपड्यांत राहतं. तीन दिवस, तीन रात्री. दुकान नाही, शाळा नाही, काही नाही. त्यामागची श्रद्धा तुम्हाला पटो न पटो. पण एवढा मोठा गाव आपला आपण बंद राहू शकतो आणि त्याचं काही अडत नाही, हे चोवीस तास उघडं राहण्याची सक्ती असलेल्या शहरांनी जरा पाहून ठेवण्यासारखं आहे. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्राही तशीच. तिची तारीख पंचांगात आधीपासून छापलेली नसते, देवीच्या कौलाने ठरते. ती ठरली की रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात आणि मुंबईतले चाकरमानी रजेचे अर्ज टाकतात. म्हणजे वेळापत्रक आमचं असलं तरी लोक येतात. उलट जास्त येतात.

चौथं कलम, गोवा. याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण ते मांडणारे सगळेच काही हौशी नसतात. त्यांत आमदार-खासदार असतात, बांधकामवाले असतात, आमच्यातलेही काही असतात. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीला विमानतळ झाला. तरीही बागा-कळंगुटसारखं काही झालं नाही, म्हणजे कोकणी माणूस करंटा, असा निष्कर्ष काढला जातो.

पण गोव्यात काय झालं, याची अर्धीच गोष्ट सांगितली जाते. तिथेही रापण होती. १९७०च्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध गोव्याच्या रापणकारांनी मोठं आंदोलन उभारलं, मातानी साल्ढाणा त्याचे नेते होते. कायदाही झाला. तरी आज कळंगुटच्या वाळूवर रापण शोधून बघा आणि शॅक मोजून बघा. पैसा आला, नाकारत नाही. पण तो कुणाच्या घरात गेला आणि कुणाच्या हाती ट्रे आला, हे तिथल्या लोकांनाच विचारावं. पार्ट्यांच्या आवाजाविरुद्ध आणि किनाऱ्यावरच्या कचऱ्याविरुद्ध कोर्टाच्या पायऱ्या चढणारे गोमंतकीयच आहेत. शेजाऱ्याने जी चूक म्हणून मान्य केली ती आम्ही धोरण म्हणून का उचलायची?

मालवण-तारकर्लीत आज जे आहे त्याचं एक वैशिष्ट्य फारसं कुणी बोलून दाखवत नाही. इथे पाहुणा बहुतेक वेळा गावातल्याच कुणाच्या तरी घरात उतरतो. खोल्या त्या कुटुंबाच्या, स्वयंपाक त्या घरचा, होडी दिराची, रिक्षा शेजाऱ्याची. पैसा चार घरांत फिरतो. समुद्राखाली तुम्हाला प्रवाळ दाखवणाऱ्या मुलाचा बाप किंवा आजा त्याच पाण्यात जाळी मारत आलेला असतो, म्हणून कुठे खडक आहे आणि कुठे ओढ आहे हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत कांदळवनाची सफर बायकांचा बचत गट चालवतो, स्वतः वल्ही मारून. हे सगळं लहान आहे, हळू आहे, चकचकीत नाही. पण ते त्यांचं आहे.

तोंडवळी-वायंगणीला सी-वर्ल्ड हा पर्यटन प्रकल्प येणार होता तेव्हा गावाने विरोध केला. लगेच शिक्का बसला, ‘विकासविरोधी’. विरोध करणाऱ्यांच्या जमिनी, काजू-आंब्याच्या बागा, देवस्थानं त्या आराखड्यात जात होती. ती वाचवणं हा त्यांना विकासच वाटत होता. मालवणच्याच राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, एका पावसाळ्यात, कोसळला. चौकशी आणि खटल्याचं काय व्हायचं ते होईल. पण खारा वारा लोखंडाचं काय करतो, हे इथल्या प्रत्येक घराच्या गजांवर आणि सायकलच्या साखळीवर लिहिलेलं आहे. घाईघाईने काही उभारण्याआधी इथले पावसाळे काढलेल्या माणसाला विचारण्याची पद्धत असती, तर बरेच खर्च आणि बरीच नामुष्की टळली असती.

आता पाचवं कलम, म्हणजे हळहळणाऱ्यांचं. ‘आमच्या लहानपणी काय शांत होतं हो!’ होतं ना. तरणी माणसं मुंबईला गिरणीत होती, मागे म्हातारे-बायका-मुलं पोस्टमनची वाट बघत होती. मनीऑर्डर आली की वाण्याची उधारी फिटायची. ती शांतता ज्यांना गोड वाटते ते बहुतेक सुट्टीपुरते आलेले असत. आज गावात मुलगे राहिले आहेत, कारण होडी आहे, स्कुबा आहे, खानावळ आहे, गाडी आहे. गर्दी, हॉर्न, तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर अडकलेल्या बसगाड्या, हे त्याचं मोल आहे. ते कमी व्हावं असं आम्हालाही वाटतं. पण आमच्या मुलांनी पुन्हा मुंबईची गाडी पकडावी म्हणजे तुम्हाला निवांतपणा मिळेल, हा सौदा आम्हाला मंजूर नाही.

निसर्ग वाचवायला निघालेल्यांनाही हेच सांगणं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. त्यात किल्ला, पद्मगड, आजूबाजूचे खडक आले. ज्यांची जाळी त्या पाण्यात पिढ्यान् पिढ्या पडत होती ते तेव्हापासून विरोधात आहेत, कारण रेषा आधी आखली गेली आणि बोलणं नंतर सुरू झालं. प्रवाळ वाचावं असं मच्छीमाराला वाटत नाही, असं समजू नका. मासा तिथेच वाढतो, हे त्याला कुणी शिकवायला नको. पण विकास असो की संरक्षण, दोन्ही कागद वरूनच लिहून आले की गावाला दोन्हींची सारखीच भीती वाटते.

आमच्या चुका नाहीत असं नाही. आहेत, आणि आरोपपत्रात त्या फारशा नसतात, कारण त्या बघायला तीन रात्री पुरत नाहीत. किनाऱ्याला खेटून, नियम गुंडाळून ठेवून बांधलेल्या खोल्या आहेत. सांडपाणी कुठे जातं हे विचारलं तर मालक विषय बदलतो. देवबागसारख्या पट्टीवर, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, तिथे विहिरींचं पाणी खारट होत चाललेलं असताना आणि लाटा माडांची मुळं उघडी पाडत असताना आम्ही आणखी मजले चढवतो आहोत. जेटीवर उतरल्या उतरल्या पाहुण्याच्या अंगावर धावून जाणारे दलाल आहेत. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरणारे आहेत. लाइफ जॅकेट नुसतं गळ्यात अडकवून बकल न लावणारे आहेत. कचऱ्याच्या बाबतीत पाहुणे आणि यजमान यांच्यात डावं-उजवं करण्याची सोय नाही. या गोष्टींवर बोला, कडक बोला, आम्ही ऐकून घेऊ. पण बघा, यातली एकही चूक आळसातून आलेली नाही. सगळ्या हावरेपणातून आणि घाईतून आल्या आहेत. म्हणजे तुम्ही जो उपाय सुचवता, आणखी उघडं ठेवा, आणखी बांधा, आणखी दिवस ताणा, तोच आमचा रोग आहे.

म्हणून काही साधी मागणी आहे. हंगामात किती खोल्या, किती होड्या, किती गाड्या या किनाऱ्याला पेलतात याचा आकडा ठरवा आणि तो ठरवताना ग्रामसभा, मच्छीमार सोसायट्या आणि रापण संघ यांना टेबलाच्या अलीकडे नाही, पलीकडे बसवा. एलईडी आणि पर्ससीनच्या कायद्याची अंमलबजावणी करायला गस्ती नौका आणि माणसं द्या. मासा वाचला तरच थाळी स्वस्त होईल, दुसरा मार्ग नाही. पाहुण्यांकडून स्वच्छता कर घ्या आणि तो इथेच खर्च करा. दिवाळी पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी बाजारपेठेतून जाते तेव्हा रस्ता तासभर अडला तर हॉर्न वाजवू नका. गाडीतून उतरा, बघा, आवडलं तर चालत राहा. गावाचा सण तुमच्या सहलीच्या वाटेत आलेला नाही, तुम्ही त्याच्या वाटेत आला आहात.

दुकान दुपारी बंदच राहील. मासे भावानेच मिळतील. जून आला की होड्या वर जातील. ज्याला चोवीस तास उघडं असलेलं काही हवं आहे त्याच्यासाठी मुंबई-गोवा महामार्गावर पेट्रोल पंप पुष्कळ आहेत.